पहिली मॅच सुसाट, तिसरीत फोन अडकतो: नवा मोबाईल घेण्याआधी हे समजून घ्या

बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स खेळणाऱ्या गावोगावच्या पोरांची एक तक्रार ठरलेली असते. पहिली मॅच सुसाट चालते, दुसरीत फोन हाताला गरम लागतो आणि तिसऱ्या मॅचमध्ये नेमका शत्रू समोर आला की स्क्रीन अडकते. मग घरात एकच धोशा सुरू होतो, 'नवा फोन पाहिजे'. सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की, नाहीतर थेट हप्त्यावर, पंधरा-वीस हजारांचा फोन घरी येतो. बऱ्याचदा काही दिवसांतच त्याच्यावरही गेम अडकायला लागतो आणि हप्ते मात्र चालूच राहतात.

असं का होतं? गेम अडकण्याची कारणं एकाहून जास्त आहेत आणि नवा फोन हा त्या सगळ्यांवरचा इलाज नाही. दोष नेटवर्कचा आहे, उष्णतेचा आहे की खरोखर फोनचाच आहे, हे घरबसल्या ओळखता येतं. ते ओळखल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

गेममध्ये फोनला काय काम पडतं?

फोनवर सिनेमा तासन् तास बघितला तरी तो फारसा तापत नाही. कारण सिनेमातली चित्रं आधीच तयार असतात, फोन ती फक्त एकामागून एक दाखवतो. गेमचं तसं नसतं. खेळणारा कुठे वळेल, कधी गोळी मारेल हे आधी ठरलेलं नसतं. त्यामुळे प्रत्येक चित्र फोनला जागेवर, त्या क्षणी तयार करावं लागतं.

सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं पुरतात. गेममध्ये ३०, ४०, ६० किंवा त्याहून जास्त लागतात. यालाच पोरं 'एफपीएस' म्हणतात. ६० एफपीएस म्हणजे एक चित्र तयार करायला फोनला सेकंदाचा फक्त साठावा भाग मिळतो. तेवढ्या वेळात काम उरकलं नाही की जुनंच चित्र स्क्रीनवर राहतं आणि गेम अडकल्यासारखा वाटतो.

बीजीएमआयमधला एरँगलचा नकाशा ८ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद आहे. त्यात १०० खेळाडू उतरतात. मोकळ्या रानातून पळताना फोनला काम कमी असतं. पण पोचिंकीसारख्या दाट घरांच्या गावात उतरलं, शेजारी दोन-तीन टीम आल्या, धूर झाला, गाडी पेटली की कामाचा ढीग एकदम वाढतो. म्हणूनच गेम नेमका भांडणाच्या वेळी अडकतो.

लॅग दोन प्रकारचा, इलाज वेगळा

सगळ्याच अडकण्याला 'लॅग' म्हटलं जातं. पण त्यात दोन वेगळे आजार आहेत.

पहिला नेटवर्कचा. गेम खेळताना स्क्रीनच्या कडेला मिलिसेकंदात एक आकडा दिसतो, त्याला पिंग म्हणतात. फोनकडून निघालेला निरोप कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागलेला तो वेळ. तो साधारण १०० च्या आत असेल तर खेळता येतं. दोनशे-तीनशेच्या वर गेला, लाल झाला की गोळ्या मारूनही समोरच्याला लागत नाहीत, आपण भिंतीमागे गेलो तरी मरतो, शत्रू एका जागेवरून एकदम दुसऱ्या जागेवर दिसतो. पण कॅमेरा फिरवला तर चित्र मात्र व्यवस्थित फिरतं.

दुसरा फोनचा. यात पिंग हिरवा असतो, तरीही कॅमेरा फिरवला की चित्र झटके खातं, बटण दाबल्यावर उशिरा लागतं.

नेटवर्कचा लॅग महागड्या फोननेही जात नाही. गावाला एकच टॉवर असेल आणि संध्याकाळी सातनंतर सगळं गाव व्हिडिओ बघायला बसलं, तर पिंग वाढणारच. इथे मोठा डेटा पॅक मारूनही फरक पडत नाही. एका मॅचला डेटा तसा थोडाच, काही एमबी लागतो. जीबी लागतात ते अपडेटला. गेमला जास्त डेटा नको असतो, न तुटणारं नेटवर्क हवं असतं. मात्र दिवसाचा डेटा संपला की वेग एकदम खाली येतो, तेव्हा पिंग लाल होतो. घरातल्या कोपऱ्यातून उठून खिडकीजवळ किंवा गच्चीवर बसल्याने, दुसऱ्या कंपनीचं सिम लावून बघितल्याने किंवा फायबरच्या वायफायवर खेळल्याने जो फरक पडतो, तो वीस हजारांच्या फोनने पडत नाही.

तिसऱ्या मॅचचं गुपित: उष्णता

शेतातली मोटर जास्त तापली किंवा तिच्यावर लोड आला की स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले ट्रिप होतो आणि मोटर वाचते. फोनमध्येही अशीच सोय आहे. फरक इतकाच की फोन बंद पडत नाही, तो आपला वेग कमी करतो. प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या वर गेला की फोन स्वतःच त्याचं काम मंद करतो, स्क्रीनचा उजेडही उतरवतो. पहिल्या मॅचमध्ये ६० चित्रं काढणारा तोच फोन तिसऱ्या मॅचमध्ये ३५-४० वर येतो, तो यामुळे. फोन बिघडलेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो.

लॅपटॉपमध्ये पंखा असतो. बहुतेक फोनमध्ये तो नसतो. आतली उष्णता मागच्या बाजूने आणि कडांनी हवेत जाते. आता हवाच तापलेली असेल तर ती जाणार कुठे? ॲपल कंपनी आपले आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावेत असं सांगते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४५ वर जातो आणि पत्र्याच्या घरात दुपारी त्याहूनही जास्त धग असते. अशा वेळी महागडा फोनही मंदावतो.

त्यात भर पडते चार्जिंगची. चार्जर लावून खेळताना बॅटरीची उष्णता आणि प्रोसेसरची उष्णता एकत्र होते. सिग्नल कमकुवत असेल तर टॉवर पकडण्यासाठी फोन जास्त ताकद लावतो, तेही तापण्याचं एक कारण.

उपाय साधे आहेत. खेळताना मागचं जाड कव्हर काढावं. पंख्याच्या वाऱ्यात बसावं. फोन आधी चार्ज करावा, मग खेळावं. दोन मॅचच्या मध्ये दहा मिनिटं थांबावं. तापलेला फोन फ्रीजमध्ये मात्र कधीच ठेवू नये. तो बाहेर काढल्यावर आत पाण्याचे बारीक थेंब जमतात आणि सर्किट खराब होऊ शकतं.

उष्णतेचा खरा मार बॅटरीवर बसतो. सतत तापणारी बॅटरी लवकर थकते. गेम चालू असताना टक्के धडाधड उतरत असतील किंवा २० टक्के दिसत असतानाच फोन बंद पडत असेल, तर बॅटरी संपत आल्याची ती खूण आहे. अशा वेळी अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घेणं नव्या फोनपेक्षा खूपच स्वस्त पडतं. मागचं पॅनल उचललेलं दिसलं, म्हणजे बॅटरी फुगली असेल, तर फोन लगेच बंद करावा. चार्जिंगला लावू नये, टोचू किंवा दाबू नये, थेट दुरुस्तीला न्यावा. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

जुन्याच फोनवर काय करता येतं?

गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स 'स्मूथ'वर ठेवावं, सावल्या बंद कराव्यात. बीजीएमआयमध्ये फ्रेम रेटचे पर्याय असतात: 'हाय' म्हणजे ३०, 'अल्ट्रा' म्हणजे ४०, 'एक्स्ट्रीम' म्हणजे ६०. फोन ६० वर दहा मिनिटांत दमत असेल तर ४० वर लावावं. सतत ४० मिळणं हे कधी ६० तर कधी २५ मिळण्यापेक्षा चांगलं. नेम धरताना हात ज्या गतीला सरावतो, ती गती मध्येच बदलत नाही.

स्टोरेज काठोकाठ भरलेलं असेल तर फोन मंदावतो. लग्नाचे व्हिडिओ आणि ग्रुपवर आलेले 'गुड मॉर्निंग'चे फोटो काढून थोडी जागा मोकळी करावी. खेळायच्या आधी फोन एकदा रीस्टार्ट करावा, बॅटरी सेव्हर बंद आहे का बघावं.

'लॅग फिक्स', 'रॅम बूस्टर' अशा नावांच्या फाईल व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर फिरतात. त्यापासून लांब राहावं. ॲप फोनचा प्रोसेसर बदलू शकत नाही. उलट गेमच्या फाईलमध्ये ढवळाढवळ केली म्हणून गेमचं खातं कायमचं बंद होऊ शकतं. अनोळखी फाईलला मेसेज वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिली तर ओटीपी चोरीला जाऊन बँक खातं रिकामं व्हायची भीती असते. घरात एकच फोन असेल आणि त्यावरच आईबाबांचं यूपीआय असेल, तर हा धोका दुप्पट. गेम प्ले स्टोअरवरूनच घ्यावा. पैसे देऊन घेतलेल्या स्किनमुळे फोनचा वेग वाढत नाही, हेही लक्षात ठेवावं.

दुकानात कशाला भुलू नये?

रॅम: बॉक्सवर '८ + ८ म्हणजे १६ जीबी' असं लिहिलेलं असतं. त्यातली खरी रॅम ८ जीबीच. उरलेली आठ ही स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते आणि ती खऱ्या रॅमपेक्षा बरीच मंद असते. तिने ॲप उघडी राहायला थोडी मदत होते, गेमचे एफपीएस वाढत नाहीत.

१२० हर्ट्झ: म्हणजे स्क्रीन सेकंदाला १२० चित्रं दाखवू शकते. पण तेवढी चित्रं काढणारा प्रोसेसर नसेल तर उपयोग काय? घागर मोठी आणि नळाला पाणी नाही, अशातली गत.

५जी आणि मेगापिक्सल: दोन्हींचा गेमच्या ताकदीशी थेट संबंध नाही. गावात ५जी पोहोचलंच नसेल तर त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खरं बघायचं ते प्रोसेसरचं पूर्ण नाव. एकाच कंपनीचे प्रोसेसर साधेही असतात आणि ताकदवानही, त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही, पुढचा आकडा लिहून घ्यावा. दुसरं, स्टोरेजचा प्रकार. 'यूएफएस' हा वेगवान, 'ईएमएमसी' हा मंद. ईएमएमसी असेल तर नकाशा उघडायला वेळ लागतो आणि विमानातून उडी मारल्यावर खालची घरं उशिरा दिसतात.

हप्त्याचा हिशोबही कागदावर करावा. समजा फोन १८,००० चा आहे. सुरुवातीला ३,००० भरले आणि १० महिने १,८०० चा हप्ता आला, तर एकूण २१,००० होतात. प्रोसेसिंग फी आणि विमा लावला असेल तर ते वेगळं. 'हप्ता किती?' असं विचारून थांबू नये, 'सगळं मिळून किती?' हे विचारावं.

तीन मॅचची परीक्षा

दुकानात पाच मिनिटं गेम लावून दाखवला जातो, एसी चालू असतो, फोन थंड असतो. त्या पाच मिनिटांत जवळजवळ सगळेच फोन चांगले वाटतात. म्हणून जो फोन घ्यायचा आहे, तोच मॉडेल गावात किंवा पाहुण्यांत कोणाकडे आहे का ते शोधावं. दुपारच्या वेळी, चार्जर न लावता, त्यावर सलग तीन मॅच खेळून बघाव्यात. पहिल्या मॅचला किती सफाईने चालला यापेक्षा तिसऱ्या मॅचला किती टिकला, ते महत्त्वाचं.

हीच परीक्षा आधी घरातल्या जुन्या फोनची घ्यावी: कव्हर काढून, ग्राफिक्स 'स्मूथ'वर ठेवून, नेटवर्क असलेल्या जागी बसून. त्यात तो पास झाला, तर यंदाचे हप्ते वाचले.