अत्तर आपले, सुगंध शेजाऱ्याचा

रमजान सुरू झाला की मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर खजूर, शेवया आणि टोप्यांच्या दुकानांप्रमाणे अत्तराच्या दुकानांवरही गर्दी होते. ईदसाठी खास उंची अत्तर घेणारे असतात. पण बहुतेकांना हवे असते ते रोज लावता येईल असे, हलके, ताजे आणि खिशाला परवडणारे. अशा गिऱ्हाइकापुढे दुकानदार हमखास जी कुपी ठेवतो, ती खसची.

खस म्हणजे आपला वाळा. माठातल्या पाण्यात टाकायचा, पडद्याला विणून त्यावर पाणी शिंपडायचे, तोच. अत्तर बनते त्याच्या मुळांपासून. उत्तर प्रदेशातील कन्नौजमध्ये ही मुळे पाण्यासह तांब्याच्या देगेत घालतात, झाकण मातीने लिंपतात आणि वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरवतात. तांब्यामुळे तेलाला हिरवट झाक येते. त्याचा वास गोड नसतो. ओल्या मातीसारखा, गार असतो. दिवसभर उपाशी असलेल्याला तो जड होत नाही.

इस्लाममध्ये सुगंधाला मान आहे. कुणी सुगंध देऊ केला तर प्रेषित मुहम्मद (स.) तो नाकारत नसत, असे हदीसमध्ये आहे. पण त्याआधीची पायरी स्वच्छतेची आहे. मदिनेतील सुरुवातीचे मुसलमान कष्टकरी होते. अंगात लोकरीचे कपडे, पाठीवर ओझी, मशीद लहान आणि छप्पर ठेंगणे. उकाड्यात घामाच्या वासाचा एकमेकांना त्रास होऊ लागला, तेव्हा प्रेषितांनी शुक्रवारी आंघोळ करून या, जवळ असेल त्यातले चांगले तेल किंवा सुगंध लावा, असे सांगितले. ‘जवळ असेल त्यातले’ हे महत्त्वाचे. त्यासाठी कर्ज काढायला कुणी सांगितलेले नाही. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, ही शिकवणही त्याच काळजीपोटी आहे.

तरावीहच्या नमाजेत माणसे खांद्याला खांदा लावून तास-दीड तास उभी असतात. रिक्षाचालक, वेल्डर, हातगाडीवाला कामावरून धावतपळत येतो आणि अंगाला घामाचा वास येईल या संकोचाने मागची सफ म्हणजे रांग धरतो. त्याच्यासाठी धुतलेला कुर्ता आणि खसचा एक फाया पुरेसा आहे. उलट, भपकेदार ऊद कपड्यांवर ओतून येणाऱ्यानेही शेजाऱ्याच्या डोक्याचा विचार करावा. घामाच्या वासाने त्रास होतो, तसा अतिसुगंधानेही होतो.

घेताना थोडे पारखावे. पूर्वी अत्तर चंदनाच्या तेलात उतरवत. चंदन महागले, तसे स्वस्त अत्तरांत दुसरी तेले आणि कृत्रिम सुगंध आले. अगदी स्वस्त कुपीत शुद्ध ‘रूह’ मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. पण ‘हे शुद्ध आहे का?’ हे मात्र जरूर विचारावे. कुपीच्या तोंडाशी नाक लावून निवड करू नका. मनगटावर थेंबभर लावा, बाजारात चक्कर मारा आणि अर्ध्या तासाने पुन्हा वास घ्या. खाज सुटली तर ते अत्तर आपले नाही. पांढऱ्या कुर्त्यावर डाग पडतो, म्हणून आतल्या शिवणीला किंवा कानाच्या पाळीमागे लावा. अत्तर तेलात असते, अल्कोहोलमध्ये नाही, म्हणूनही अनेक नमाजी तेच पसंत करतात. अत्तर लावल्याने रोजा तुटत नाही. लोबान किंवा अगरबत्तीचा धूर मात्र मुद्दाम आत ओढू नये, असे उलेमा सांगतात.

लग्नात दाराशी अत्तर लावून पाहुण्याचे स्वागत करण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे. तिथेही अत्तर यजमानाचे असते आणि सुगंध पाहुण्याचा. आपण लावलेल्या अत्तराची आपल्या नाकाला थोड्याच वेळात सवय होते; नंतर ते दरवळते शेजाऱ्यासाठी. म्हणून ईदची खरेदी करताना एक छोटी कुपी जास्त घ्या आणि मागच्या सफीत संकोचून उभ्या असलेल्या भावाच्या हातावर ठेवा. नाही म्हणायचे नसते, हे त्यालाही ठाऊक आहे.