दान देऊन बाजूला झालेला ड्यूक

आक्विटेनचा ड्यूक विल्यम याने ११ सप्टेंबर ९१० रोजी फ्रान्समधल्या बूर्ज इथे एक दानपत्र करून दिलं. बरगंडीतल्या क्लूनी गावची आपली जहागीर त्याने बेनेडिक्टाइन साधूंच्या मठासाठी दिली. द्राक्षमळे, शेतं, कुरणं, जंगल, पाणी, गिरण्या आणि त्या जमिनीला बांधलेली दास माणसंसुद्धा. क्लूनी ही त्याची शिकारीची आवडती जागा. परंपरा सांगते की, शिकारी कुत्र्यांचं काय करू, असं विल्यमने विचारलं तेव्हा पहिले मठाधिपती बर्नो म्हणाले, कुत्री हलवा, तिथे साधू येऊ द्या.

ही गोष्ट रंजक असली, तरी खरं मोल दानपत्रातल्या अटींचं आहे. त्या काळी उमरावाने मठ बांधला की तो घरच्या मालमत्तेसारखाच चाले. मठाधिपती मर्जीतला, उत्पन्नावर डोळा घरच्यांचा आणि वाटण्या झाल्या की मठाचीही वाटणी. विल्यमने हे दार स्वतःच लावून घेतलं. मठावर माझा अधिकार नाही, माझ्या नातलगांचा नाही, राजाचाही नाही, असं त्याने लिहून दिलं. मठ पीटर आणि पॉल या संतांच्या नावे केला, पण पोपलाही त्याची मालमत्ता बळकावायची मनाई केली. बर्नोनंतरचा मठाधिपती साधूंनीच निवडायचा होता. रोमला द्यायचं ते एवढंच, दर पाच वर्षांनी दहा नाणी, दिवाबत्तीसाठी.

शेवटी शापवाणी आहे. हे दान जो मोडेल त्याला धरणी गिळो, त्याची गत येशूशी दगा करणाऱ्या ज्यूडाससारखी होवो, शिवाय शंभर पौंड सोन्याचा दंड. आपल्याकडे शिलाहारांच्या काळातले गधेगाळ, म्हणजे शाप कोरलेले दगड, ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना दान राखण्यासाठी घातलेले शाप नवे नाहीत.

विल्यम ९१८ मध्ये वारला, मागे मुलगा नव्हता. मठ मात्र वाढत गेला. ९१० ते ११०९ या दोनशे वर्षांत तिथे फक्त सहा मठाधिपती झाले. त्यातल्या ओदिलो आणि ह्यू या दोघांनीच मिळून ११५ वर्षं कारभार पाहिला. घराण्यांच्या भांडणांपासून दूर, इतका दीर्घ आणि एकाच वळणाचा कारभार लाभल्यामुळेच युरोपभरचे शेकडो मठ क्लूनीच्या शिस्तीखाली आले, असं मला वाटतं. मृतांच्या आत्म्यांसाठी २ नोव्हेंबरला प्रार्थना करण्याचा प्रघात ओदिलोने घातला, तो कॅथलिक घरांत, आपल्या वसईत आणि गोव्यातही, आजवर पाळला जातो.

ह्यूने १०८८ मध्ये तिसरं चर्च बांधायला घेतलं. त्यासाठी स्पेनमधल्या लिओनचा राजा आल्फोन्सो सहावा याच्याकडून सोनं आलं. सुमारे १८७ मीटर लांबीचं हे चर्च रोमचं नवं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. पुढच्या काळातले मठाधिपती पीटर यांनी कुराणाचा लॅटिन अनुवाद करवून घेतला, तो ११४३ मध्ये पूर्ण झाला.

एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. दानपत्रातलं स्वातंत्र्य साधूंचं होतं. जमिनीबरोबर दिलेल्या दासांचा फक्त धनी बदलला.

पुढे मठाधिपती नेमण्याचा हक्क राजाच्या हाती गेला आणि विल्यमने ज्याला अटकाव केला होता तेच घडलं. सतराव्या शतकात रिशल्यू आणि माझारँ हे राजाचे मंत्रीच क्लूनीचे मठाधिपती होते. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९० मध्ये मठ बंद झाला, १७९८ मध्ये इमारती विकल्या गेल्या. विकत घेणाऱ्यांनी चर्च पाडून त्याचा दगड विकला. आज त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उभा आहे: दक्षिणेकडची एक बाजू आणि तिच्यावरचा अष्टकोनी घंटामनोरा. त्या तुटक्या बाजूच्या कमानी तीस मीटर उंच आहेत. विल्यमचं दानपत्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलं आहे.