कामगाराचा वकील

दिवाणी न्यायालयात पक्षकाराने वकील नेमला, तर त्यासाठी प्रतिपक्षाची अनुमती मागावी लागत नाही. औद्योगिक विवादांच्या क्षेत्रात मात्र १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने नेमकी हीच अनुमती आवश्यक ठरविली होती. त्याच्या कलम ३६ प्रमाणे समेटाच्या कामात वकिलाला मुळीच प्रवेश नव्हता. आणि कामगार न्यायालयात वा न्यायाधिकरणात त्याने उभे राहावयाचे, तर प्रतिपक्षाची संमती व न्यायालयाची परवानगी ह्या दोन्ही गोष्टी लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि जुना अधिनियम मागे पडला. पण ही अट संहितेच्या कलम ९४ मध्येही कायम राहिली आहे. नोकरी गेलेल्या माणसाने अनुभवी वकील केव्हा व कशासाठी गाठावा, हा वरवर केवळ व्यवहाराचा वाटणारा प्रश्न म्हणूनच ह्या अटीसह विचारात घ्यावा लागतो.

अटीमागील हेतू चांगला होता ह्यात शंका नाही. मालकाला नामांकित वकील परवडतो, कामगाराला परवडत नाही. तेव्हा दोघांनाही वकिलावाचून उभे करावे, म्हणजे तराजू थोडाफार समतोल होईल, अशी ही कल्पना. शिवाय कामगाराचा खरा प्रतिनिधी म्हणजे त्याची संघटना, हे गृहीत त्यामागे होते. मुंबईपुरते बोलावयाचे तर ते निराधार नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे, ना. म. जोशी ह्यांच्यापासून चालत आलेली कामगारांच्या कैवाराची परंपरा ही मुळात सनदी वकिलांची परंपरा नव्हे. खात्यातील यंत्र, पाळी, मुकादम व हजेरीपट ह्यांची ज्याला प्रत्यक्ष माहिती, तो संघटनेचा चिटणीस कित्येकदा निष्णात वकिलाहून प्रभावी उलटतपासणी घेतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको.

तथापि दार बंद केले म्हणजे वाट बंद होतेच असे नाही. पारादीप पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ३६ चा जो अर्थ लावला, त्यात ही वाट स्पष्ट दिसते. नुसता वकील म्हणून येणाऱ्यास संमती व परवानगी अटळ आहे. परंतु तोच मनुष्य नोंदलेल्या कामगार संघटनेचा पदाधिकारी असेल, किंवा मालकांच्या संघाचा अधिकारी असेल, तर तो त्या पदाच्या बळावर येतो आणि मग संमतीचा प्रश्न उरत नाही. त्याला ते पद कोणत्या हेतूने दिले, ह्याची चौकशी न्यायाधिकरणाने करावयाची नाही. ही सवलत दोन्ही पक्षांना सारखीच आहे, असे कागदावर दिसते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती सारखी नाही. मालकांच्या संघाला कायदा जाणणारा अधिकारी पगारावर ठेवणे सहज साधते. उलट दहा-बारा माणसांच्या कारखान्यातील, कोणत्याही संघटनेचा सभासद नसलेल्या कामगाराला वकील-पदाधिकारी कोठून मिळावा? ज्याच्या रक्षणार्थ अट घातली, त्यालाच ती अधिक जाचते, हा ह्या कलमाचा दुर्दैवी विपर्यास होय.

मात्र न्यायाधिकरणातील ह्या एका दृश्यावर दृष्टी खिळवून ठेवण्याची चूक आपण करू नये. कामगाराचा दावा बव्हंशी तेथे जिंकला वा हरला जातच नाही. तो त्याआधी, कारखान्याच्या एखाद्या खोलीत चालणाऱ्या अंतर्गत चौकशीत ठरून गेलेला असतो. आरोपपत्र हाती पडते, खुलाशासाठी दोन-तीन दिवसांची मुदत असते, आणि भांबावलेला मनुष्य ‘झाले ते चुकून झाले, क्षमा असावी’ असे लिहून देतो. ते एक वाक्य पुढे कबुलीजबाब म्हणून वाचले जाते. १९७१ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११अ मुळे बडतर्फीची शिक्षा अवाजवी असल्यास ती बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणास मिळाला, आणि मुंबईच्या फायरस्टोन कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिकाराची व्याप्तीही विशद केली. पण त्याच कलमाचे परंतुक असे की, न्यायाधिकरणाने अभिलेखावरील सामग्रीवरच विसंबावे. चौकशी रीतसर झाली असे ठरले, तर ती सामग्री म्हणजे मुख्यतः चौकशीचेच कागद. तेथे न विचारलेला प्रश्न पुढे विचारता येईल, ही आशा बहुधा फोल ठरते.

मग ह्या चौकशीत वकील नेता येतो काय? सामान्यतः नाही. टाटा लोकोमोटिव्ह कंपनीच्या प्रकरणात १९६० सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नियमात तशी तरतूद नसेल तर संघटनेचा प्रतिनिधी आणण्याचाही हक्क कामगारास नाही. ह्या कठोर नियमाला महत्त्वाचा अपवाद मिळाला तो मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या १९८३ च्या प्रकरणात. तेथे मंडळाने आपली बाजू मांडण्यास कायद्याचे शिक्षण घेतलेले अधिकारी नेमले आणि कर्मचाऱ्याला मात्र वकील नाकारला. समोर कायदेपंडित बसवून ह्याला एकटे उभे करणे हे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा निर्णय झाला. म्हणून चौकशीत वकिलाची मागणी नाकारली जाणार हे दिसत असतानाही ती लेखी करून ठेवावी. नकार कागदावर आला म्हणजे पुढे त्याचा उपयोग होतो. वकील खोलीच्या आत नसला तरी बाहेर असू शकतो, हेही विसरता कामा नये. आरोपपत्राचा खुलासा, कागदपत्रांची मागणी, साक्षीदारांना विचारावयाचे प्रश्न, ही कामे तो बाहेर बसून करून देऊ शकतो आणि त्यांस कोणाची संमती लागत नाही. अनुभवी वकिलाची खरी गरज ह्या टप्प्यावर असते. प्रत्यक्षात बहुतेक लोक त्याच्याकडे बडतर्फीच्या हुकमानंतरच जातात.

आता ‘अनुभवी’ ह्या शब्दाचा अर्थ पाहू. सनदेची वर्षे मोजून तो कळत नाही. नोकरीविषयक कायद्यात पहिला प्रश्न दाराचा असतो. पक्षकार कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ आहे की नाही? हे पदनामावरून ठरत नाही, प्रत्यक्ष करावयाच्या मुख्य कामावरून ठरते. ‘अधिकारी’ म्हणविणारा मनुष्य दिवसभर केवळ नोंदी करीत असेल तर तो कामगार असू शकतो. पर्यवेक्षकाच्या बाबतीत वेतनाचीही मर्यादा आहे. जुन्या अधिनियमात ती २०१० पासून दहा हजार रुपये होती, संहितेत अठरा हजार आहे. कामगार ठरला तर कामावर परत घेण्याचा हुकूम मिळू शकतो. न ठरला, आणि नोकरी खाजगी असली, तर दिवाणी न्यायालय सामान्यतः नुकसानभरपाईच देते. अनिच्छुक धन्यावर सेवक लादत नाही. उलट जो हक्क औद्योगिक विवाद अधिनियमानेच निर्माण केला, त्यासाठी दिवाणी दावा चालणार नाही, हे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या खटल्यात १९७५ साली ठरले. दार चुकल्याचे मोल केवढे, हे गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणावरून कळते. त्यांची सेवा १९७५ साली संपुष्टात आणली गेली. समेट, उच्च न्यायालय असे टप्पे ओलांडून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि शिक्षक हा अधिनियमाच्या अर्थाने कामगार नव्हे, असा निर्णय १९८८ साली मिळाला. तेरा वर्षे गेली ती बडतर्फी योग्य की अयोग्य ह्या वादात नव्हे, तर हे दार आपले आहे काय ह्या वादात.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. वर्षभरात २४० दिवस काम केले हे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. पण हजेरीपट असतो मालकाच्या कपाटात. जाणता वकील आरंभीच ते कागद हजर करविण्याचा अर्ज देतो. नवखा शेवटच्या युक्तिवादात ते हजर झाले नाहीत म्हणून तक्रार करतो. बुडालेल्या वेतनाचेही तसेच. महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्याच प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बडतर्फीच्या काळात आपण अन्यत्र कमाईच्या कामावर नव्हतो, किंवा कमी वेतनावर होतो, एवढे कथन कर्मचाऱ्याने केले पाहिजे. त्यानंतर उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. दाव्याच्या निवेदनात हे एक वाक्य गाळले गेले, तर कित्येक वर्षांचे वेतन संकटात येते. मुदतीचेही भान हवे. वैयक्तिक बडतर्फीचा अर्ज करण्यास जुन्या अधिनियमात २०१० च्या दुरुस्तीने तीन वर्षे दिली होती. संहितेत ती दोनच आहेत. जुन्या सवयीने ‘अजून वर्ष आहे’ असे सांगणारा वकील अनुभवी असूनही घातक ठरेल.

वकील निवडताना म्हणूनच तो काय विचारतो इकडे लक्ष द्यावे. पहिल्याच भेटीत जो निकालाची खात्री देतो, त्यापेक्षा नेमणुकीचे पत्र, वेतनचिठ्ठ्या, आरोपपत्राचा लिफाफा व त्यावरील टपालाची तारीख मागणारा बरा. तो मालकांचीही कामे घेतो काय, हे विचारण्यात संकोच नसावा. कामगारांचे दावे लढविणारे व मालकांना सल्ला देणारे असे दोन वर्ग ह्या व्यवसायात बरेचसे पडलेले आहेत, आणि दोन्हीकडे वावरलेला मनुष्य कधीकधी अधिक उपयोगी पडतो, अट इतकीच की प्रस्तुत मालकाशी त्याचा संबंध नसावा.

राहता राहिला शुल्काचा प्रश्न. अमेरिकेत मिळालेल्या रकमेचा हिस्सा घेऊन दावा लढविण्याची पद्धत आहे. भारतात वकील परिषदेच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून शुल्क ठरविणे वा मिळकतीत वाटा घेणे निषिद्ध आहे. त्यामुळे वेतन थांबलेल्या माणसालाच आधी पैसे उभे करावे लागतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराचा निर्देश स्वतंत्रपणे आहे. विनामूल्य विधी साहाय्यासाठी त्याला उत्पन्नाच्या मर्यादेत बसावे लागत नाही. ही तरतूद कामगारवस्तीत फारशी ठाऊक नाही. मात्र ह्या साहाय्याने मिळालेला वकील न्यायाधिकरणापुढे उभा राहू लागला, की त्यालाही मालकाची संमती लागते. कलमाच्या शब्दांत त्याच्यासाठी वेगळा अपवाद नाही.