जीर्णोद्धार आणि उत्सर्ग : राळेगणसिद्धीच्या यादवबाबा मंदिराचें उदाहरण

जुन्या वास्तूच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला म्हणजे आमच्या मंडळींत बहुधा दोनच गोष्टींची चर्चा होते. पैसा कोठून आणावा, आणि चुना कसा मळावा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे खरे. परंतु त्याहून मूळचा एक प्रश्न मागें राहतो. दुरुस्त झालेली वास्तु पुढें टिकते ती कशाच्या बळावर? या प्रश्नाचें जें उत्तर आम्हांस सुचलें, तें आपल्या जिल्ह्यांतील उदाहरणांनीं येथें मांडावयाचें योजिलें आहे.

प्रथम शास्त्रदृष्टि पाहूं. धर्मशास्त्रांत कर्माचे इष्ट व पूर्त असे दोन वर्ग केले आहेत. यज्ञयागादि तें इष्ट. आणि विहिरी, तळीं, देवालयें, अन्नदान व आराम, म्हणजे बागा, हें पूर्त. देऊळ, पाणी, धान्य व झाडें हीं स्मृतिकारांनीं एकाच माळेंत ओंवलीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तळें किंवा बाग तयार झाल्यावर तिचा ‘उत्सर्ग’ करावयाचा असतो. मूळच्या पैठणकर भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्टानें सतराव्या शतकांत काशीस ‘भगवंतभास्कर’ रचला, त्यांत ‘उत्सर्गमयूख’ नांवाचा भागच स्वतंत्र आहे. दान व उत्सर्ग यांत भेद आहे. दानांत वस्तु एका ठराविक माणसाच्या हातीं जाते. उत्सर्गांत कर्ता आपलें स्वामित्व सोडतो, पण घेणारा ठराविक कोणी नसतो. ती वस्तु सर्व भूतांची होते, आणि कर्त्यासही त्या सर्वांपैकीं एक म्हणूनच तिचा उपभोग घेतां येतो. ‘सार्वजनिक’ हा शब्द नवा असला तरी अर्थ जुना आहे.

आतां उलट उदाहरण. अहिल्यानगर शहरालगतची (पूर्वींचें अहमदनगर) फराहबाग, लोकांच्या बोलींतील फऱ्याबाग, आमच्या वाचकांस परिचित आहेच. विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागीं महाल व भोंवतीं बाग, अशी ही रचना पहिल्या मूर्तजा निजामशहाच्या कारकीर्दींत 1583 मध्यें पुरी झाली. खापरी नळांनीं दुरून पाणी आणण्याची विद्या निजामशाहींत चांगली प्रगत होती. परंतु बाग राजाच्या विलासासाठीं होती. राज्य गेलें तसा तिचा धनी गेला. पाणी आटलें, झाडें गेलीं, आणि ओसाड महाल तेवढा उरला. जिचा उत्सर्ग झाला नाहीं, तिला वारसही मिळाला नाहीं.

पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानें स्वतःच्या सुखासाठींच बांधिला. पण त्याचें दैव निराळें. 1821 मध्यें तेथें संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजचा उगम तीच. 1879 च्या आगींत वाड्याची मोठी हानि झाली, तरी तो सावरला गेला, व पुढें पुणें नगरपालिकेची कचेरीही कांहीं काळ तेथें होती. आमच्या मतें, वास्तु कामांत होती म्हणून तिची काळजी वाहणारे निघाले.

आतां पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी. श्री. अण्णा हजारे 1975 मध्यें सैन्यांतून निवृत्त होऊन गांवीं परतले, तेव्हां संत यादवबाबांचें मंदिर मोडकळीस आलें होतें. गांवांत दारूच्या भट्ट्या होत्या, आणि देवळाचें लाकूडही त्या भट्ट्यांत सरपण म्हणून जळालें होतें. हजारे यांनीं सैन्यसेवेंतून मिळालेले सुमारें वीस हजार रुपये जीर्णोद्धारासाठीं खर्चिले. तें पाहून गांवकरी श्रमदानास पुढें आले. येथवर ही कथा कोणत्याही गांवची होऊं शकेल. विशेष आहे तो पुढेंच.

देऊळ उभें राहिल्यावर तें कुलपांत राहिलें नाहीं. गांवाच्या बैठकी तेथें भरूं लागल्या. दारूबंदीचा निश्चय देवळांत झाला, म्हणून त्यास शपथेचें वजन आलें, आणि तीसांहून अधिक भट्ट्या चालकांनीं आपण होऊन बंद केल्या. 1980 मध्यें त्याच देवळांत धान्यकोठी सुरू झाली. सुगीला ज्याच्याकडे अधिक पिकेल त्यानें घालावें, अडचणींत असेल त्यानें उचलावें व पुढें वाढीसह परत करावें, असा तिचा नियम. पुढें नालाबांध व पाझर तलाव होऊन विहिरींस पाणी आलें. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळल्यामुळें लावलेलीं झाडें जगलीं. देवालय, धान्य, पाणी, आराम. स्मृतिकारांची माळ पुरी झाली. फराहबागेंत पाणी होतें पण लोक नव्हते; येथें लोक आधीं जमले, पाणी मागाहून आलें.

यांत आम्हां संशोधकांनीं सावध राहण्याची एक जागा आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहांत जुन्या खुणा लोपतात. कोरीव तुळ्या विकल्या जातात, शिलालेखावर तैलरंगाचे थर बसतात, नाहीं तर तो फरशीखालीं जातो. पुजाऱ्याच्या पेटींतील सनदा केराबरोबर बाहेर पडतात. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीं तेथें जावें. वास्तूचीं मापें घ्यावीं, लेखांचे ठसे काढावे, छायाचित्रें घ्यावीं, कागदांची याद करावी, व तिची एक प्रत गांवांतच ठेवावी. मात्र जुन्या खुणांसाठीं लोकांना देवळाबाहेर ठेवावें, असें आमचें म्हणणें नाहीं. वापराविण वास्तु मरते, आणि नोंदीविण तिचा इतिहास मरतो. दोन्ही सांभाळलीं पाहिजेत.

शेवटीं जें लिहावयाचें तें आम्हांसही लागू आहे. अनेक वर्षें जमविलेलीं पोथ्यांचीं बासनें आमच्या माडीवर आहेत. लोकांनीं देवळें सार्वजनिक करावीं असा उपदेश करून आपण पोथ्या मात्र कुलपांत ठेवाव्या, हें शोभत नाहीं. संग्रहाची याद करून ती कोणत्याही अभ्यासकास खुली करणें, हाच संग्राहकाचा उत्सर्ग होय. आम्हीं ती याद करावयास घेतली आहे. आपणही घ्यावी, ही विनंति. सुज्ञांस अधिक काय लिहावें?