विश्लेषण : अलास्कातील बीव्हर क्रीकला ‘वन्य नदी’चे संरक्षण का?

अलास्काच्या जंगलातून वाहणाऱ्या बीव्हर क्रीकमध्ये होडी सोडली, की पुढचा आठवडाभर रस्ता, पूल वा गाव लागत नाही. प्रवास संपवून परतायचे तर छोटे विमान बोलवावे लागते. अशा प्रवाहाला कायद्याने संरक्षण का द्यावे लागले आणि ते पुरेसे आहे का?

बीव्हर क्रीक कोठे आहे?

महाराष्ट्रात ‘क्रीक’ म्हणजे खाडी. अमेरिकेत मात्र ओढ्याला किंवा लहान नदीलाही क्रीक म्हणतात. बेअर आणि चॅम्पियन या ओढ्यांच्या संगमातून बीव्हर क्रीक सुरू होते. चुनखडीच्या पांढुरक्या कड्यांच्या व्हाइट माउंटन्सना वळसा घालत ती ‘युकॉन फ्लॅट्स’ या सखल पाणथळ प्रदेशात उतरते आणि शेवटी युकॉन नदीला मिळते. काठावर स्प्रूस वृक्षांचे जंगल आहे. मूस, अस्वले आणि ग्रेलिंग मासे यांचा हा अधिवास.

जलप्रवास कसा होतो?

फेअरबँक्सहून निघालेल्या स्टीज महामार्गावर ५७व्या मैलाजवळ फाटा फुटतो. तेथून कच्च्या रस्त्याने नोम क्रीक या उपप्रवाहापर्यंत जाता येते. कॅनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद, हलकी होडी येथे पाण्यात सोडतात. पाणी कमी असेल, तर सुरुवातीचे काही मैल ती ओढतच न्यावी लागते. पुढे बीव्हर क्रीकचा प्रवाह सौम्य आहे. पण पाण्यावर आडवी झुकलेली झाडे आणि अडकलेले ओंडके धोकादायक ठरतात. व्हिक्टोरिया क्रीकपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. तेथे गोट्यांच्या पुळणीवर विमान उतरते.

‘वन्य’ दर्जा म्हणजे काय?

अमेरिकेच्या १९६८च्या कायद्यानुसार संरक्षित नद्यांचे तीन वर्ग होतात : वन्य, निसर्गरम्य आणि मनोरंजनात्मक. धरणमुक्त, प्रदूषणमुक्त आणि सहसा पायवाटेनेच गाठता येणारा प्रवाह ‘वन्य’ ठरतो. त्यावर धरण बांधता येत नाही. डिसेंबर १९८०मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या अलास्का भूसंवर्धन कायद्याने बीव्हर क्रीकचा १२७ मैलांचा (सुमारे २०४ किलोमीटर) पट्टा वन्य घोषित झाला. काठालगतच्या जमिनीवर नव्या खाणहक्कांनाही बंदी आली.

धोका खरोखर होता का?

होता, आणि दोन्ही टोकांना. खालच्या बाजूला युकॉन नदीवर रॅम्पार्ट येथे सुमारे पाच हजार मेगावॉटचे धरण बांधण्याची योजना होती. त्याचा जलाशय एरी सरोवराएवढा झाला असता. त्यात युकॉन फ्लॅट्स आणि तेथील मूलनिवासींची गावे बुडाली असती. बीव्हर क्रीकचा खालचा भागही गेला असता. १९६७मध्ये केंद्रीय अंतर्गत खात्याने विरोध केला आणि योजना मागे पडली.

वरच्या बाजूला धोका सोन्याचा होता. नोम क्रीकमधील वाळू-गोटे उपसून, धुऊन सोने काढले गेले. त्यात ओढ्याचे मूळ पात्र उद्ध्वस्त झाले, काठी गोट्यांचे ढीग उरले. अशा उत्खननाचा गाळ खाली वाहत जातो आणि तळाच्या खडीतील फटी बुजवतो. ग्रेलिंग त्याच खडीवर अंडी घालतो.

मग संरक्षण पुरेसे आहे का?

वन्य दर्जा बीव्हर क्रीकच्या मुख्य प्रवाहाला आहे. नोम क्रीकसारख्या उपप्रवाहांना नाही. गाळ मात्र नकाशावरची हद्द पाळत नाही. म्हणूनच केंद्राच्या भूव्यवस्थापन विभागाने नोम क्रीकचे पात्र व काठ पूर्ववत करण्याचे काम हाती घेतले. आता तेथे ठरावीक पट्ट्यात हौशी लोकांना केवळ हाताने सोने धुण्याची मुभा आहे. जलप्रवासी होडी सोडतात ती याच दुरुस्त केलेल्या ओढ्यात. मुख्य प्रवाहाचे संरक्षण कागदावर पक्के असले, तरी त्याच्या पाण्याचा दर्जा उपप्रवाहांच्या देखभालीवरच अवलंबून राहणार आहे.