फुकटाचं अर्थकारण – भाग 6 : मेसेजच्या पैशांवर तरलेली कंपनी

मागच्या आठवड्यात आपण डॉटकॉमचा फुगा फुटताना पाहिला. जाहिरातींच्या भरवशावर सगळं फुकट वाटणाऱ्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या. बुडता बुडता वर आलेल्यांपैकी एक म्हणजे चीनमधली नेटईज.

सरकारी दूरसंचार खात्यातली नोकरी सोडलेल्या डिंग लेई या तरुण इंजिनिअरने 1997 मध्ये ग्वांगझौला ती काढली. फुकट ई-मेल आणि बातम्या देणारं पोर्टल हा तिचा मुख्य माल. जून 2000 मध्ये तिचा शेअर 15.50 डॉलरने नॅसडॅकवर आला, तेव्हा बाजाराची घसरण सुरू झालेली होती. जाहिराती आटल्या. पुढच्या वर्षी, 2000 सालचं उत्पन्न फुगवून दाखवल्याचं उघड झालं आणि सप्टेंबर 2001 मध्ये नॅसडॅकने शेअरचे व्यवहार थांबवले. भाव तोवर एका डॉलरखाली गेला होता. डिंग कंपनी विकायला निघाले, पण सौदा फिसकटला.

गंमत म्हणजे पोर्टल वापरणारे कमी झाले नव्हते. अडचण होती वसुलीची. चीनमध्ये तेव्हा क्रेडिट कार्ड असलेला माणूस विरळाच. एकेकाकडून महिन्याला पाच-दहा युआन मिळाले तरी कंपनी तरली असती, पण ते गोळा करायचे कसे?

वाट दाखवली चायना मोबाइल या तिथल्या मोबाइल सेवा कंपनीने. तिच्या 'मॉन्टरनेट' योजनेत पोर्टलने मेसेजमधून मोबाइलवर बातम्या, विनोद, रिंगटोन, ओळखी जुळवण्याची सेवा पुरवायची. पैसे फोनच्या बिलातून किंवा प्रीपेड बॅलन्समधून कापले जायचे. त्यातले साधारण 15 टक्के चायना मोबाइल ठेवी, 85 टक्के पोर्टलला मिळत. आपल्याकडे कॉलर ट्यूनच्या काळात मोठा वाटा मोबाइल कंपन्याच ठेवत. छोट्या सेवा कंपन्यांच्या हाती फारसं काही लागत नसे. नेटईजच नव्हे, सीना आणि सोहू ही दोन मोठी पोर्टलंही याच चिल्लर पैशांवर सावरली.

दुसरा आधार ऑनलाइन गेमचा. 'पश्चिमेची यात्रा' या जुन्या चिनी कादंबरीवरून नेटईजने गेम बनवला. पहिला प्रयत्न फसला. 2002 मधली दुसरी आवृत्ती मात्र तुफान चालली. इथेही वसुली साधी होती. दुकानातून किंवा नेट कॅफेतून प्रीपेड कार्ड घ्यायचं आणि जितका वेळ खेळू तितके पॉइंट त्यातून कापले जायचे. पैसे आधी हातात, उधारी नाही.

2002 मध्ये कंपनी नफ्यात आली. पुढे ज्याच्या बीबीके समूहातून ओप्पो आणि विवो निघाले, त्या दुआन योंगपिंगने त्याच वर्षी सुमारे 20 लाख डॉलरचे शेअर पडत्या भावात उचलले होते. ऑक्टोबर 2003 पर्यंत भाव 70 डॉलरपलीकडे गेला आणि बत्तीस वर्षांचे डिंग श्रीमंतांच्या हुरुन यादीत चीनचे सर्वांत श्रीमंत ठरले.

दोन्ही आधार सारखे टिकाऊ मात्र नव्हते. मेसेज सेवांत न मागता वर्गणी लावणं, ती बंद करणं अवघड ठेवणं असले प्रकार बोकाळले. तक्रारी वाढल्या तसे चायना मोबाइलने नियम आवळले आणि त्या उत्पन्नाला ओहोटी लागली. ज्यांची सारी मदार मेसेजवर होती, ते पुन्हा अडचणीत आले. नेटईजकडे स्वतःचा गेम होता आणि त्याच्या वसुलीसाठी तिला चायना मोबाइलची गरज नव्हती. पोर्टल म्हणून जन्मलेली ही कंपनी आज जगातल्या मोठ्या गेम कंपन्यांत गणली जाते.

इंटरनेटवर लोक पैसे देत नाहीत, हा तेव्हाचा समज चुकीचा होता. रक्कम छोटी आणि देण्याची रीत सोपी असेल, तर लोक देतात. पण वसुलीची किल्ली दुसऱ्याच्या हाती असेल, तर तो नफा उसनाच समजावा.

पुढच्या आठवड्यात : पडद्यावरच्या बाहुल्यांचे कपडे विकणारी टेन्सेंट.