विमान उतरताना चुकलेला हात

विमान धावपट्टीच्या वाटेला लागले, की प्रवासी निश्चिंत होतो. वैमानिकाची कसोटी मात्र तेथेच लागते. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत न्यूअर्कहून बफेलोस निघालेले कोलगन कंपनीचे पंख्यांचे विमान धावपट्टीपासून काही मैलांवर एका घरावर कोसळले. विमानातील सर्व ४९ व घरातील एक, अशी ५० माणसे मृत्युमुखी पडली.

विमानावर बर्फ साचले होते, म्हणून प्रथम संशय बर्फावर गेला. चौकशीत तो टिकला नाही. चाके सोडलेली, इंजिनांचा जोर कमी केलेला. वेग झपाट्याने घटत होता, पण दोघांही वैमानिकांच्या ते ध्यानी आले नाही. पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहिली तरच विमान तरंगते. वेग फार घटला, की वैमानिकाच्या हातातील दांडा थरथरून इशारा देतो. अशा वेळी दांडा पुढे लोटावा, नाक खाली करून वेग मिळवावा, हा नियम. मुख्य वैमानिकाने तो मागे ओढला. यंत्राने दांडा आपण होऊन पुढे ढकलला, तेव्हाही त्याने तो मागेच खेचला! जमीन जवळ असता नाक खाली करणे मनास पटत नाही. ही उपजत ओढ शिक्षणानेच मोडावी लागते. यंत्राच्या त्या धक्क्याचा अनुभव मात्र कंपनीच्या प्रशिक्षणात दिला जात नसे.

सहवैमानिक स्त्री तर रात्रभर प्रवास करून कामावर आलेली होती.

पुढे २०१० साली कायदा झाला व २०१३ पासून सहवैमानिकासही सामान्यतः १५०० तासांचे उड्डाण आवश्यक ठरले. या दोघांचे तास त्याहून अधिक भरले होते.